पाग आणि डोल

थळच्या कोळीवाड्यात त्या काळी जाळ्यावरून माणसाची पायरी ठरत असे. ज्याच्या घरी डोल, तो मोठा. डोल म्हणजे पिशवीसारखं लांबलचक जाळं. ते समुद्रात रोवलेल्या खांबांना बांधायचं, तोंड वाहत्या पाण्याच्या दिशेला करायचं आणि होडीत बसून राहायचं. पाणी चालू लागलं की मासळी आपणहून आत येते. खांबांच्या जागा बापाकडून मुलाकडे जात आणि होडीच्या मालकाला गाव नाखवा म्हणे. ज्याच्याकडे होडी नाही त्याने पाग घ्यावी. पाग म्हणजे एका माणसाने फेकायचं गोल जाळं. कमरेएवढ्या पाण्यात शिरून मासळीच्या मागे हिंडायचं आणि ती दिसेल तिथे जाळं टाकायचं. अशा माणसाला गावात कोणी नाखवा म्हणत नसे. त्याला पाग्या म्हणत.

शिवदास हा पाग्याचा मुलगा. सदा हा गुणाजी नाखव्याचा. दोघे एका वर्षाचे आणि तराजूत घातले तर वजनालाही सारखेच. फरक एवढाच की सदाचं वजन उंचीत गेलं होतं आणि शिवदासचं खांद्यांत. लहानपणी दोघे एकत्र पोहले, एकत्र मार खाल्ला. मिसरूड फुटल्यावर मात्र सदा बापाच्या होडीवर चढला आणि शिवदास किनाऱ्यावर राहिला. तेव्हापासून शिवदासला सदाकडे सरळ बघता येत नसे. सदाने नवा सदरा घातला की याला तो आधी दिसे. सदाच्या आईने घराला नवी कौलं घातली तर तीही याने खालून मोजल्यासारखी बघितली.

अशात १९३१ साली ताजुद्दीन गावात राहायला आला. त्याची बायको कुलसुम इथली. तो उमेदीची सगळी वर्षं आगबोटीवर आगवाला होता. बॉयलरमध्ये कोळसा लोटता लोटता बंदराबंदरांतल्या खलाशांबरोबर तो बाक्सिंग शिकला. नोकरी सुटली तेव्हा कातडी हातमोज्यांचे दोन जोड ट्रंकेत घालून आला. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि पोरांना उद्योग नसतो. ताजुद्दीनने एका रिकाम्या शेडमध्ये चार खांब रोवले, काथ्याचा दोर बांधला आणि पोरांना बोलावलं. पहिल्या आठवड्यात अर्धा कोळीवाडा आला. नाकं सुजल्यावर सात-आठ जण उरले. त्यांत हे दोघे होते.

जुलैभर त्याने सगळ्यांना दोनच गोष्टी शिकवल्या: उभं कसं राहायचं आणि पाय पुढे कसा टाकायचा. नारळी पौर्णिमा जवळ आली तसं पोरं पुन्हा समुद्रावर जाणार हे ओळखून त्याने एका संध्याकाळी सगळ्यांना बसवलं.

"नुसते हात फिरवून चालत न्हाय," तो म्हणाला. "माणसानं आपली रीत ठरवली पायजे. सदा, तुझे हात लांब. तू डोल लाव. जागा धर, डावा हात समोर ठेव, समोरच्याला येऊ दे. आला की अडकला. शिवा, तुझे हात आखूड. तू पाग टाक. हनुवटी छातीला, आत शिरायचं, बरगडीत दोन ठेवायचे आणि बाहेर. तू वाट बघत बसलास तर मेलास."

मोरू नावाचा एक खट्याळ पोरगा मागून म्हणाला, "चाचानी घरं बरोबर वळखली."

सगळे हसले. सदाही हसला. शिवदासच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ताजुद्दीन पोरांच्या हसण्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं, आपली उपमा पोरांना आवडली.

त्या दिवसापासून शिवदासच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली. इथेही सदाला डोल आणि मला पाग. रक्त, घाम, नाक सगळ्यांचं सारखं. पण शिकवणाऱ्यानेसुद्धा बापाची होडी बघून रीत वाटली. तो सदाला न्याहाळू लागला. चाचा सदाचा कोपर हातात धरून सारखा करतात, मला मात्र लांबून नुसतं 'आत, आत' म्हणून ओरडतात. हातमोज्यांचा बरा जोड सदाला मिळतो. सदा उभा राहिला की डावा हात असा अलगद जातो आणि येतो की बोंबील वाळत घालणाऱ्या बायकासुद्धा टोपली खाली ठेवून बघतात. बायजा नावाची पोर एकदा म्हणाली, "सदाचा हात कसा, बगळ्याची मान." मग शिवदासकडे बघून म्हणाली, "आनि ह्यो आमचा खेकडा." तिने ते मायेनेच म्हटलं होतं. शिवदास त्या रात्री जेवला नाही.

त्याची आई सोनूबाई अलिबागच्या बाजारात मासळी विकायची. तिच्या जिभेला धार होती.

"तुज्या तोंडाला काय झालंय?" तिने विचारलं. "सकाळी सदा, संध्याकाळी सदा. लगीन लाव त्याच्यासंगं."

"चाचानी त्याला डोल दिली. मना पाग."

"मग तुला काय आगबोट देतील? पागेवरच वाढलास ना तू?"

"त्येच तर," शिवदास म्हणाला.

सोनूबाईने टोपली उचलून बाहेर नेली आणि बराच वेळ आत आली नाही. बाप कोपऱ्यात पागेचं भोक शिवत बसला होता.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत बातमी आली. मुंबईच्या गोदीत ताजुद्दीनचा एक जुना सोबती होता, सिराजुद्दीन. तो हौशी पोरांचा एक संघ चालवायचा. भायखळ्याला मांडव घालून सामने होणार होते आणि थळची पोरं त्याच्या संघातर्फे उतरू शकत होती. अट एकच: एका वजनाला एकच माणूस. म्हणजे सदा किंवा शिवदास. ताजुद्दीनने जाहीर केलं की दोघांची निवड थळलाच, सगळ्यांसमोर होईल.

शिवदासने आयुष्यात कशाची एवढी आस धरली नव्हती. नुसतं मुंबईला जाऊन लढणं त्याला पुरेसं नव्हतं. सदाला हरवून जायचं होतं, आणि तेही सदाच्याच रीतीने. पाग टाकून जिंकलो तर लोक म्हणणार, पाग्याने पाग टाकली, त्यात नवल काय. डोल लावून सदाला मारला तर त्यांची तोंडं बंद होतील.

तो पहाटे वाळूवर एकटा जाऊ लागला. एका खांबावर बापाचा जुना सदरा अडकवून त्यासमोर डावा हात चालवू लागला. नक्कल त्याला छान जमत होती, कारण त्याने सदाला कोणी प्रेमाने बघणार नाही इतकं नीट बघितलं होतं. हात किती वाकतो, टाच कधी उचलते, मारल्यावर हनुवटी कुठे जाते, सगळं. एके दिवशी ताजुद्दीन नमाज आटोपून किनाऱ्यावरून चालला होता. तो थांबला.

"हे कुणाचं चाललंय?"

"माझंच."

"तुझं न्हाय हे," ताजुद्दीन म्हणाला. "तुझ्या अंगाला न्हाय बसत. सदाचा सदरा घालशील तर बाह्या लोंबतील."

शिवदास पुन्हा खांबाकडे वळला. सदरा हा शब्द त्याला जास्त लागला.

निवडीच्या दिवशी दोराभोवती सगळा कोळीवाडा जमला. पंच खुद्द ताजुद्दीन. शिवदासच्या कोपऱ्यात त्याचा मित्र भिकू पाण्याची घागर घेऊन बसला. पहिली फेरी सुरू झाली. सदा आपल्या जागी उभा राहिला, डावा हात समोर. शिवदासही उभा राहिला, डावा हात समोर. दोघे वाट बघू लागले. कोणीच पुढे येईना. अधूनमधून एखादा डावा हात जाई. सदाचा लागे, शिवदासचा बोटभर कमी पडे. लोक कंटाळले.

गुणाजी नाखवा दोरावर रेलून म्हणाला, "दोन डोली समोरासमोर लावल्यान. पानी येनार कुठनं?"

हशा पिकला. फेरी संपल्यावर भिकू कानाशी लागला, "आरं आत जा ना. त्याची बरगडी उघडी पडलीय. सगळ्या गावाला दिसते."

"मनापन दिसते," शिवदास म्हणाला.

"मग?"

"गप बस."

दुसरी फेरीही तशीच गेली. तिसरीत शिवदासचे पाय आपसूक पुढे व्हायला लागले. सदाचा उजवा हात खाली आला होता. दोन पावलं टाकली असती तर काम झालं असतं. तेवढ्यात गुणाजी पुन्हा बोलला. त्याच्या बोलण्यात फारसा कुजकेपणा नव्हता. त्यालाही सामना रंगायला हवा होता.

"टाक रं पाग्या, टाक. लाजतोस कशाला?"

शिवदासचे पाय जागच्या जागी थांबले. उरलेली फेरी त्याने डावा हात समोर धरून, लांबून मार खात काढली. ताजुद्दीनने सदाचा हात वर केला. लोकांनी टाळ्याही बेतानेच वाजवल्या.

दोन दिवसांनी ताजुद्दीन शिवदासच्या घरी आला. सोनूबाईने घोंगडी अंथरली आणि कोरा चहा ठेवला.

"माझं काम हाय," ताजुद्दीन म्हणाला. "मुंबईत निम्मी पोरं आत शिरणारी असतात. सदाला त्याची सवय न्हाय. सामन्यापर्यंत रोज संध्याकाळी तू त्याच्यासमोर उभा राहा. तुझ्यासारखा आत शिरणारा इथं दुसरा न्हाय."

शिवदास इतके दिवस गप्प होता. आता त्याच्याने राहवलं नाही. "मग त्याला डोल दिलीत आनि मना पाग का? माझ्या बापाला होडी न्हाय म्हनून?"

ताजुद्दीनच्या हातातली बशी तशीच राहिली. त्याने सोनूबाईकडे बघितलं. तिने नजर वळवली. तेव्हा कुठे त्याला त्या दिवशीच्या हसण्याचा अर्थ लागला.

"अल्ला," तो हळूच म्हणाला. "मी बॉयलरपुढे जन्म काढलेला माणूस. डोल कुणाची, पाग कुणाची, मला काय ठावं? कोळ्याच्या पोरांना समजावं म्हणून बोललो." मग थोडं थांबून तो म्हणाला, "डोल बांधून का ठेवतात, शिवा?"

"वाहून जाऊ नये म्हनून."

"मग? सदाला पुढं जायची भीती वाटते. महिनाभर ओरडलो, पाय उचलेना. म्हणून त्याला बांधला. तुला बांधायची गरज नव्हती."

हे ऐकून शिवदासला बरं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. पण लगेच दुसरा विचार आला: हे मला एकट्याला कळून काय उपयोग? गावाला दिसतो तो बगळाच, आणि मुंबईला जाणार तोही बगळाच.

तरी तो रोज संध्याकाळी जाऊ लागला, कारण सदाला मारायची परवानगी मिळाली होती. आता तो खरा आत शिरायचा. पहिल्या दिवशी सदा दोनदा वाळूवर बसला. तिसऱ्या दिवशी तो दोराला पाठ लावून धापा टाकत म्हणाला, "निवडीला असा का न्हाय आलास तू? रातभर देवीआईला नवस बोललेलो, ह्यो आत येऊ नये म्हनून."

शिवदासने हनुवटी छातीला लावली आणि पुन्हा आत शिरला. दहा-बारा दिवसांत त्याच्या लक्षात यायला लागलं की सदा आता बसत नाही. बाजूला सरकतो. मिठी मारून हात अडकवतो. आपण जितकं नीट मारतो तितका तो नीट शिकतो. कमी मारलं तर गाव म्हणणार, पाग्या दमला. जोरात मारलं तर सदा तयार होतो. घरी परतताना शिवदासला यातून सुटायची वाट सापडेनाशी झाली.

फेब्रुवारीत ताजुद्दीन, सदा आणि शिवदास रेवसहून बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरले. शिवदास सदाचा मदतनीस म्हणून आला होता. बादली, स्पंज आणि ट्रंक त्याच्याकडे. मांडवात दिव्यांचा लखलखाट होता. सदाने पहिले दोन्ही सामने जिंकले. लांब डावा हात, आणि कोणी आत आलाच तर बाजूला सरकणं. ते सरकणं शिवदासने त्याला मारून मारून शिकवलेलं होतं. मांडवातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा शिवदास बादलीतलं पाणी बदलायला गेला.

शेवटच्या सामन्यात समोर परळचा एक गिरणी कामगार आला. आखूड, रुंद, हनुवटी छातीला. शिवदास आरशात बघावं तसा बघत राहिला. पहिली फेरी सदाची झाली, दुसरी त्या माणसाची. सदा स्टुलावर येऊन बसला तेव्हा त्याची एक भुवई फुटली होती. ताजुद्दीन जखमेला कापूस दाबून धरण्यात गुंतला होता आणि म्हणत होता, "डावा समोर ठेव, डावा समोर ठेव."

सदाने शिवदासकडे बघितलं. "ह्यो कवा येतो तेच कळत न्हाय मना, शिवा."

शिवदासला कळत होतं. फेकण्याआधी पाग कोपरावर घेऊन माणूस अंग जरा मागे वळवतो आणि खांदा कानाकडे जातो. तो माणूस आत शिरण्याआधी अगदी तसंच करत होता. शिवदास स्वतःही तसंच करायचा; हे त्याला आजच, दुसऱ्याच्या अंगावर दिसलं. खांदा उचलला की मार, एवढे चार शब्द होते. त्याने स्पंज पिळला. सदाचं तोंड पुसलं.

"ठीक चाललंय तुझं," तो म्हणाला.

घंटा झाली. तिसऱ्या फेरीत तो परळवाला सदाच्या बरगडीत हवा तेव्हा शिरला.

शिवदासला वाटलं होतं की आता आतली आग विझेल. पण रेवसच्या धक्क्यावर गुणाजी ढोल घेऊन उभा होता. मुंबईत दुसरा आला म्हणून सदाच्या गळ्यात झेंडूची माळ पडली, भुवईची जखम सगळ्यांनी कौतुकाने बघितली, बायजाने तर बोटाने. शिवदास मागून ट्रंक घेऊन चालत होता. हरून आलेला माणूससुद्धा आपल्यापेक्षा मोठा ठरावा, याचा त्याला इतका संताप आला की त्याने ट्रंक वाळूवर आपटली.

आठवड्याभराने सदा त्याला किनाऱ्यावर भेटला. डोल काढून आला होता, अंग भिजलेलं.

"मी सोडतो बाक्सिंग," सदा म्हणाला. "तो कवा येतो तेच दिसलं न्हाय मना. त्या कामाचे डोळेच न्हायत मना. चाचांना सांगितलंय. पुढल्या साली तू जा."

म्हणजे सगळं मिळालं होतं. शिवदासने नुसतं गप्प राहायचं होतं. निवड होणार नव्हती, समोर कोणी उभं राहणार नव्हतं. मुंबईची जागा चालत घरी आली होती. त्याने ती मनात हातात घेऊन बघितली. सदाला नकोशी झाली म्हणून आपल्याला. त्याच्या घरचे जुने सदरे सोनूबाई मागून आणायची, तशी. जन्मभर लोक म्हणणार, सदा असता तर. आणि सदाही होडीवर बसून तसंच म्हणणार.

"हातमोजे आन," शिवदास म्हणाला.

"आता?"

"आन."

सदाने शेडमधून दोन्ही जोड आणले. बरा जोड त्याने पुढे केला, पण शिवदासने फाटका घेतला. दोघे ओल्या वाळूवर समोरासमोर उभे राहिले.

"माझ्या तोंडाकडं बघू नकोस. हाताकडं बघू नकोस. हा खांदा बघ." शिवदासने अंग किंचित मागे वळवलं. खांदा कानाकडे गेला. "हा वर आला की मी येनार. तो परळवालाबी असाच येत होता. खांदा उचलला की मार."

सदा त्याच्याकडे बघत राहिला.

"हे तिथं दिसलं व्हतं तुला?"

"व्हय."

"मग तिथं का न्हाय बोललास?"

"तू जिंकू नयेस म्हनून."

मागे डोलीतली मासळी उतरवणाऱ्या माणसांचा आवाज येत होता आणि गुणाजी कोणाला तरी शिव्या घालत होता. सदाने दातांनी उजव्या मोज्याची नाडी ओढून घट्ट केली, डावा हात समोर धरला.

"ये," तो म्हणाला.

शिवदास आला. खांदा उचलला आणि त्याच क्षणी सदाचा डावा हात सरळ तोंडावर बसला. शिवदासचा ओठ फुटला. इतका स्वच्छ ठोसा सदाने आजवर कोणाला दिला नव्हता. तो बघूनसुद्धा शिवदासला सदाचा हेवा वाटलाच.

"पुढल्या साली निवड व्हईल," त्याने रक्त थुंकून म्हटलं. "चाचांना सांग, सोडत न्हाय म्हनून."

"सांगतो," सदा म्हणाला. "ये परत."